अठराव्या वर्षाचं लायसन्स

सकाळी साडेआठला गाडीत बसल्या बसल्या वडिलांनी हिशेब पुन्हा एकदा मांडला. तोंडपाठच होता.

"अठराव्या वर्षी लायसन्स. एकविसाव्या वर्षी नोकरी. चोविसाव्या वर्षी लग्न, सत्ताविसाव्या वर्षी तू, तिसाव्या वर्षी घर. आणि तू? चौतिसाव्या वर्षी ड्रायव्हिंगच्या परीक्षेला निघालीस."

"आरसा दिसू द्या बाबा, डोकं जरा मागे घ्या," स्टिअरिंग धरून बसलेली मुलगी म्हणाली.

वडील वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सदतीस वर्षं दुकानदारांची वजनं तपासली, त्यामुळे माणूस समोर आला की तो किती कमी भरतो हे आधी बघायचं, ही सवय. माप एकच, स्वतःचं. मुलीचीही बाजू होती, पण ती त्यांच्या वहीत कधी चढली नव्हती. कृत्रिम दात बनवायचं शिक्षण, मग अकरा-अकरा महिन्यांच्या चार कंत्राटी नोकऱ्या, मधली दोन वर्षं आईच्या कंबरदुखीत. आता कुठे तेवीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात पक्की जागा मिळाली होती. पण तयार दात घेऊन गाडीने दवाखान्या-दवाखान्यांत फिरायचं होतं. सोमवारी लायसन्स दाखवून रुजू व्हायचं. आज शुक्रवार. नापास झाली तर पुढची तारीख महिन्याने, आणि जागा यादीतल्या दुसऱ्या नावाला.

परीक्षेच्या मैदानावरच्या परीक्षक बाई जेमतेम सव्विशीच्या. त्यांनी मुलीचे कागद पाहिले आणि हात पुढे केला. "शिकाऊ उमेदवारासोबत गाडीत कोण होतं? त्यांचं लायसन्स बघू."

वडिलांनी पाकिटातून लायसन्स काढलं ते इनामाची सनद काढावी तसं. त्यावरच्या फोटोतल्या मुलाला धड मिसरूडही फुटलेली नव्हती.

"काका, हे पन्नाशीपर्यंतच चालतं. तुमची मुदत अकरा वर्षांपूर्वी संपली."

"मुदत कशी संपेल? मी आहे की अजून."

"बाबा, दुकानातल्या वजनावरचा शिक्का किती वर्षं चालतो हो?" मुलीने जमिनीकडे बघत विचारलं.

"दोन," वडील म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर खोकले.

"परीक्षेत शेजारी मी बसते, त्याचा प्रश्न नाही," बाई म्हणाल्या. "पण गाडी परत कोण नेणार, हे लिहून मिळाल्याशिवाय मला यांना आत घेता येत नाही."

"मी नेणार. घ्या माझी परीक्षा. आत्ता घ्या."

मुलगी काही बोलणार, तोवर वडिलांनी अर्ज भरायला घेतलासुद्धा. एक उमेदवार आला नव्हता, त्याची जागा मोकळी होती. 'पूर्वी दिलेल्या परीक्षेची तारीख' या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं.

"परीक्षा अशी नव्हती," वडील म्हणाले. "साहेबांनी विचारलं, कुणाचा मुलगा? मी सांगितलं. आठवड्याने लायसन्स घरी आलं."

"म्हणजे आज तुमची पहिलीच," बाई म्हणाल्या आणि रकान्यात आडवी रेघ मारली.

सपाटीवर वडिलांनी गाडी झोकात चालवली. मग चढ आला. चढावर थांबायचं आणि मागे न घसरता पुढे निघायचं. गाडी थांबली, तिने जरा विचार केला, आणि मागे घरंगळत दोन खांब आडवे करून राहिली.

"चढ चुकीचा आहे," वडील खाली उतरून म्हणाले. "इतका उभा चढ नियमात बसणार नाही."

"मोजा," बाई म्हणाल्या.

त्यांनी खरोखरच डिकीतून टेप काढला. रांगेतल्या वीसेक उमेदवारांदेखत गुडघे टेकून चढाची लांबी घेतली, उंची घेतली, कागदावर भागाकार केला, आणि पुन्हा केला. मग पँट झटकून उभे राहिले. सदतीस वर्षांत त्यांनी खोट्या मापावर सही केली नव्हती.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

बाईंनी 'नापास' लिहिलं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "झालं का मोजून? आमची दुपार व्हायला आली."

"गाडी मी नेईन," मुलीने लिहून दिलं. "पास झाले तर. नाहीतर गाडी इथेच राहील, आम्ही चालत जाऊ."

वडील बाकावर जाऊन बसले. डोक्यात नको तो हिशेब सुरू झाला. एकविसाव्या वर्षीची नोकरी मामांनी लावलेली. चोविसाव्या वर्षीचं लग्न आत्याने जमवलेलं. तिसाव्या वर्षीचं घर सासऱ्यांनी आधी बघितलं, मग आपण. एकेका आकड्याला कुणाचं ना कुणाचं बोट लागलेलं. दुकानदाराने पारड्याला असं बोट लावलं असतं, तर त्यांनी दुकानाला टाळं ठोकलं असतं.

समोर मुलीची गाडी चढावर थांबली. तिच्या पारड्यापाशी कुणीच नव्हतं. शेजारच्या बाई तर चूक टिपायलाच बसलेल्या. वडिलांना बाकावर राहवेना. ते चढाच्या कडेला उकिडवे बसले आणि मागच्या चाकाला टेप लावून बघत राहिले. चाक हललं ते पुढेच.

"एक सूतही मागे नाही," त्यांनी रांगेतल्या अनोळखी माणसाला टेप दाखवला. "माझी मुलगी आहे. दात बनवते. हात स्थिर आहे तिचा."

तासाभरात तिचं लायसन्स छापून मिळालं. वडिलांना शिकाऊ परवान्याची चिठ्ठी मिळाली. "सोबत लायसन्सवालं माणूस असल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, काका," बाईंनी बजावलं. "आहे माझ्याकडे माणूस," वडील म्हणाले आणि मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसले.

दार आईने उघडलं. "काय झालं?"

वडिलांनी मुलीचं कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं. "बघ. आपल्या घरातलं पहिलं लायसन्स."

आईने कार्ड वाचलं, नवऱ्याकडे पाहिलं, परत कार्ड वाचलं.

"अहो, मग इतकी वर्षं मी कुणाच्या शेजारी बसत होते?"