आधी बसा

विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर भाऊ परबांच्या हाती सापडला, की वरच्या मजल्याची मीटरं त्या दिवशी वाचून होत नाहीत. ‘आधी बसा,’ म्हणत भाऊ त्याला लोखंडी खुर्चीत बसवतात, पंखा त्याच्याकडे वळवतात आणि चहा ठेवतात. चहाबरोबर घावणे येतात, घावण्यांबरोबर ‘गाव कुठला?’ येतं, आणि गाव तळकोकणातलं निघालं तर बिचाऱ्याला जेवूनच जावं लागतं. कुरियरवाला, केबलवाला, डासांचं औषध मारणारा, कुणाचीही सुटका नाही. एकदा पाण्याचा फिल्टर विकायला एक गृहस्थ आले होते. फिल्टर काही खपला नाही, पण सोलकढी पिऊन आणि पुतणीसाठी एक स्थळ घेऊन गेले.

पाहुणा यायचा असला की एकट्या राहणाऱ्या भाऊंच्या खोलीत पहाटेच्याही आधी भांडी वाजायला लागतात. तांब्या घासायचा, लादी पुसायची, आणि सर्वांत आधी अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकायचं. पाहुण्याला पसरलेलं अंथरूण दिसणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच. शेजारच्या आमच्या खोलीत माझा दीर तापाने फणफणला होता तेव्हा डॉक्टर येणार म्हणून भाऊंनी त्याला उठवून, केस विंचरून खुर्चीत बसवलं आणि गादी गुंडाळली. डॉक्टरांनी येऊन आधी माझ्या सासूबाईंची नाडी बघितली.

पण त्यांना हसताना मी जरा सांभाळूनच हसते. लग्न होऊन मी या चाळीत आले, तेव्हा अख्खी गॅलरी मला न्याहाळत उभी होती. मला तर रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात भाऊ सगळ्यांवर खेकसले, “नुसते बघतास काय? आधी बस गो, बाय.” त्या खुर्चीत बसले आणि ही चाळ माझी झाली. ते उपकार मी कधी विसरणार नाही.

तर अशा भाऊंना लालबागमध्ये एकच माणूस दाद देत नसे, ताराबाई. उड्डाणपुलाखाली बंद पडलेल्या औषधाच्या दुकानाची पायरी हेच त्यांचं घर. एक वाकळ आणि एक पत्र्याची पेटी. दिवसा त्या मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ खुडायच्या. नवऱ्याबरोबर सोलापूरकडून आल्या होत्या. पुढे नवरा वारला, झोपडी तुटली, आणि त्या पायरीवर आल्या. सकाळी दूध आणायला जाताना भाऊ त्यांना चहाला बोलवायचे आणि त्या रोज नाही म्हणायच्या.

“भाऊ, आज तुमच्याकडं बसले, तर उद्या तुम्हास्नी मी कुठं बसवू?”

चहाचं आमंत्रण नाकारलेलं त्यांच्या आयुष्यात हे पहिलंच.

एकदा ताराबाईंनीच मनातलं बोलून दाखवलं. “निवडनूक आली की उमेदवार येतोय. पानवाल्याला हात जोडतोय, भेळवाल्याला जोडतोय. माझ्याम्होरं आला की हात खाली. त्याला ठावं असतंय, हिचं मत न्हाई.”

भाऊंनी हे भलतंच मनाला लावून घेतलं. “माणसाक कोण हात जोडणा नाय म्हणजे काय?” ते माझ्यापुढे गरजले. “बायचा नाव यादीत जावक व्हया.”

मी चौकशी केली. बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही, तो रात्री जिथे झोपतो तोच त्याचा पत्ता. फक्त मतदार यादीचं काम करणाऱ्या बीएलओ मॅडम रात्री येऊन, माणूस खरंच तिथे झोपतो का, हे बघून जातात. ताराबाईंचा अर्ज भरला आणि हे सगळं मी भाऊंना नीट समजावून सांगितलं. त्यातलं ‘मॅडम येतात’ एवढंच त्यांच्या कानात शिरलं.

ठरल्या रात्री जेवून मी पुलाखाली गेले आणि कपाळावर हात मारला. पायरी साबणाने धुतलेली. पुढे रांगोळी. वाकळ आणि पेटी भाऊंच्या माळ्यावर. मधोमध लोखंडी खुर्ची, तिच्यामागे इस्त्रीच्या साडीत ताठ उभ्या ताराबाई, आणि शेजारी थर्मास घेतलेले भाऊ.

मॅडम आल्या. एरवी त्या शाळेत शिकवायच्या, दिवसभराच्या दमलेल्या होत्या. “आधी बसा,” भाऊ म्हणाले. त्या बसल्या, चहा प्यायल्या, आणि त्यांनी विचारलं, “बरं, या झोपतात कुठे?”

“हयच.”

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. “काका, इथे कुणी झोपत असल्याची काही खूणच नाही. मी काय लिहू? आणि यादीचं काम आता संपत आलंय, पुन्हा यायला मला नाही जमणार.”

ताराबाईंचा चेहरा उतरला. भाऊंचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा बारीक झालेला ऐकला. “पावणे येतले आणि वाकळ पसरून ठेवची? बरा दिसता काय ता?”

मॅडम हसल्या. “पुलाच्या त्या टोकाला आणखी काहीजण आहेत, त्यांना भेटून येते. तोवर रोजच्यासारखं करा.”

भाऊ धावत जाऊन वाकळ आणि पेटी घेऊन आले. गडबडीत स्वतःची गादीही घेऊन आले. ताराबाई आडव्या झाल्या, पण डोळ्याला डोळा लागेना. “सरकार बघाय येनार म्हनल्यावर कशी झोप यील, भाऊ?”

“त्यात काय कठीण आसा? असा आडवा पडूचा, डोळे मिटूचे,” म्हणत भाऊंनी पायरीच्या दुसऱ्या टोकाला गादी टाकून करून दाखवलं.

मॅडम परतल्या तेव्हा ताराबाई वाकळेवर उठून बसल्या होत्या आणि तोंडावर बोट ठेवून सांगत होत्या, “हळू बोला. भाऊंचा आत्ताच डोळा लागलाय.”

भाऊ चक्क घोरत होते. मॅडमनी वाकळ बघितली, पेटी बघितली, शेजारच्या खांबापाशी झोपणाऱ्यांना विचारलं आणि ताराबाई इथेच राहतात असं लिहून टाकलं. “या काकांचंही नाव घालायचंय का?” त्यांनी मला विचारलं.

मी भाऊंना उठवायला वाकले, तर ताराबाईंनी माझा हात धरला. “असू द्या. वहिनी गेल्यापास्नं खोलीत एकट्याला झोप लागत न्हाई म्हनत व्हते.”

आमची आणि भाऊंची भिंत एकच. पहाटेच्याही आधी वाजणारी ती भांडी मी इतकी वर्षं ऐकत आले होते आणि पाहुण्यांची हौस म्हणून हसत आले होते. मला फार वाईट वाटलं. मी गुपचूप घरून चादर आणून त्यांच्या अंगावर घातली.

नाव आलं. उमेदवार आला तेव्हा ताराबाईंनीच हाक मारली, “ओ सायेब, यादीत हाय मी.” तो मागे फिरला आणि त्याने हात जोडले. मतदान करून त्या दिवसभर बोटावरची शाई मिरवत मिरच्या खुडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले, तर भाऊ दुधाची किटली घेऊन पायरीसमोर थबकलेले. पायरीवर वाकळेची नीट घडी घालून ठेवलेली आणि टपरीवरून आणलेले चहाचे दोन ग्लास.

“भाऊ,” ताराबाई म्हणाल्या, “सरकारनं पत्ता लिवून घेतलाय माझा. आता आधी बसा.”

भाऊ बसले. दोन्ही हातांत ग्लास धरून त्यांनी एक घोट घेतला. “साखर बरोबर पडली हा,” एवढंच म्हणाले आणि पंच्याने डोळे पुसले.

मी त्यांच्या हाताजवळची किटली उचलली. त्या दिवशी त्यांचं दूध मी आणलं.