इंदूबाईंचा जॅग्वार

जी लिपी गावात कोणालाच वाचता येत नाही, तिच्या परीक्षेत नापास होण्याची सोय नसते.

हे शैक्षणिक तत्त्व ओळखून गजेंद्र सरांनी राजापेठेत, दुचाकी दुरुस्तीच्या दुकानावर, प्राचीन माया लिपी व धर्माचे क्लासेस काढले. विद्यार्थी चौसष्ट, निकाल शंभर टक्के. (पेपर तपासू शकेल असा माणूस अकोल्यापर्यंत सापडला नाही.) अभ्यासक्रम भरीव होता. पहिला महिना जॅग्वारचे चित्राक्षर गिरवणे, दुसरा महिना मक्याचे, तिसरा महिना उजळणी. मक्याचा देव तुंकाल आणि पावसाची देवी यांचे वैर तर सुशिक्षित वाचकांना ठाऊकच आहे.

या वर्गात इंदूबाई आल्या. वय एकसष्ट, एक अक्षर येत नव्हते. दीर बुधाजी मार्चमध्ये त्यांच्या दोन एकरांच्या कागदावर त्यांचा अंगठा घेणार होता.

"साधा कागद हाये, वैनी. त्यात काय वाचाचं?"

वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, असे इंदूबाईंनी ठरवले. क्लास कोणत्या लिपीचा हे त्यांनी विचारले नाही. एकही येत नसल्याने निवडीचा प्रश्न नव्हता.

तीन महिन्यांत वर्गात एकच हात वर झाला, तो त्यांचा.

"सर, याच्यात लिवलं काय हाये?"

"आजी, ते पुढच्या कोर्सात येतं."

"मंग आमी काहून गिरवून राहिलो?"

त्रेसष्ट पदवीधरांनी त्यांच्याकडे कीव करून पाहिले.

मार्चमध्ये नोंदणीच्या टेबलावर बुधाजीने शाईचा डबा पुढे सरकवला. इंदूबाईंनी कागद उलटसुलट पाहिला. "याच्यात एकबी जॅग्वार नाई. मले नाई वाचता येत."

"मंग अंगठा दे ना, वैनी!"

"अंगठा काहून? मी शिकेल हाये." त्यांनी प्रमाणपत्र टेबलावर ठेवले.

कारकूनबाईंनी ते दोनदा वाचले. पक्षकार साक्षर, म्हणून अंगठा चालणार नाही. पक्षकाराची लिपी माया, म्हणून कागद त्या लिपीत हवा. तो रीतसर गजेंद्र सरांकडे लिप्यंतरासाठी गेला. संशोधन चालू असल्याचे सर दरमहा कळवतात. यंदा इंदूबाईंनी त्या दोन एकरांत तूर पेरली.

राहता राहिला तुंकाल. तो मी वरूडला, ट्रकमध्ये संत्री भरेपर्यंत, बसल्या बसल्या रचला. त्याचे कोणाशीही वैर नाही. आपण ते वाक्य वाचून, हात वर न करता, इथवर आलात. आपले प्रमाणपत्र तयार आहे. येऊन घेऊन जावे.