दोन दरबारांत भुरीबाईंची वकिली

श्रीखंडेराय साह्य. विघ्नहर्त्यास एक नमन, शारदेस एक, आणि ज्या घरी दोन माणसे परस्परांशी बोलत नाहीत त्या घरच्या मुक्या जिवास तिसरे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, संवत्सराचे नाव क्रोधी. ते पंचांगकर्त्यांनी ठेविले, बखरकाराचा त्यात हात नाही. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवार. ते दिवशी एका राज्यात सर्व कुशल होते. राज्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस जिना, आणि मधल्या दालनात लाकडाचा भुसा. धनी मोरेश्वरपंत, वय बाहत्तर, सरकारी चाकरीतून मोकळे होऊन सुतारकामाच्या मोहिमेवर निघाले ते पुढे बारा वर्षे परतले नाहीत. त्यांचे कुटुंब कुमुदिनीबाई, त्यांस राज्यात मातुश्री म्हणत. कन्या हेमांगीबाई, वय एकेचाळीस, ग्रंथांचा मोठा व्यासंग, बोलणे मोजके. सहा वर्षे एक प्रबंध लिहीत होत्या तो शेवटास आला होता, आणि त्या आतल्या खोलीचे दार लोटून लिहीत बसत. आदले दिवशी चंपाषष्ठी जाहली होती, तिचे भरीत उरले होते, ते भाकरीशी खाऊन पंत खुर्चीवर बसले आणि कन्येस बाहेर बोलावून तिवईस पॉलिश कागद मारावयास लाविले. स्वतः हात लाविला नाही. हेमांगीबाई हसून बोलिल्या की आता बसून हुकूम सोडायचे दिवस आले वाटतं. पंत म्हणाले, पाठीत उसण भरली आहे. मातुश्री स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मग घासणे जाहल्यावर पंतांनी तिवईवर तळहात फिरविला, झाली गुळगुळीत म्हणाले, आणि पुरे, जा, लिही, दार लोटून घे, इथे आवाज होईल, ऐसे सांगून कन्येस आत धाडिले. आवाज कसलाही होणार नव्हता. तो राज्यातील शेवटचा साधा दिवस.

दुसरे दिवशी सकाळी चहा निवत राहिला आणि पंत उठले नाहीत. घरचे डॉक्टर दाखला लिहावयास आले, आणि लिहून जाहल्यावर चष्मा पुशीत, सहज म्हणावे तैसे कन्येस म्हणाले, "ऑगस्टमध्येच सांगितलं होतं मी. हृदयात काही राहिलं नव्हतं. तरी डिसेंबर गाठला म्हणायचा." बाईंनी मातुश्रींकडे पाहिले. मातुश्रींनी भिंतीकडे पाहिले. तेव्हा बाईंस चार महिन्यांचा सगळा हिशेब एका क्षणात लागला, की उसण नव्हती, आणि जिना चढताना पंत दर मजल्यावर थांबून लोकांच्या दारावरच्या पाट्या वाचीत ते पाट्या वाचीत नव्हते. मग तेरा दिवस माणसांचा राबता पडला. जो येई तो म्हणे, पुण्यवान हो, कुणाला त्रास न देता गेले. कोणी चुलतमामा म्हणाले, असं मरण मागून मिळत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, झोपेतच, बरं झालं की नाही. बाई प्रत्येकास पाणी देत आणि मान हालवीत, आणि प्रत्येक पेल्याबरोबर त्यांच्या अंगात एक एक ठिणगी जाई. चौदावे दिवशी घर रिकामे जाहले तेव्हा मातुश्री आपण होऊन बोलिल्या, "त्यांनी शपथ घातली होती मला. तिचं लिहून होऊ दे म्हणाले, मग सांगू." यावर पुष्कळ बोलता आले असते. बाई उठून आत गेल्या, प्रबंधाचे कागद सुतळीने बांधून कपाटावर फेकिले, आणि ते दिवसापासून मातुश्रींशी एक शब्द बोलिल्या नाहीत. मातुश्रीही मानी. नवऱ्यास दिलेला शब्द पाळिला तो गुन्हा कसा, ऐसे मनात धरून त्यांनीही तोंड मिटले. येणेप्रमाणे एका राज्याचे दोन दरबार जाहले; एकाची राजधानी स्वयंपाकघर, दुसऱ्याची आतली खोली, आणि मधले दालन कोणाचेच नव्हे, तेथे पंतांची अर्धी राहिलेली कामे उभी.

मग पौष लागला आणि बाईंनी मांजर आणिले. त्या शिकवीत त्या महाविद्यालयातल्या एका बाईंची बदली जाहली होती, त्यांचे. या राज्यात त्यापूर्वी कधी चतुष्पाद नव्हते. मातुश्रींचा मूळचाच हुकूम होता की केस, घाण आणि देवघरात शिवाशिव, तस्मात जनावर उंबऱ्याच्या आत नाही. हुकूम मोडावयाचा म्हणूनच आणिले, हे बखरकार लपवीत नाही. पिंजरा मधल्या दालनात ठेवून बाई भिंतीस म्हणाल्या, "घरात एक तरी जीव असा हवा, दुखलं तर ओरडेल." भिंतीने ऐकिले आणि स्वयंपाकघरात भांडे जोरात आपटले. मांजर भुऱ्या रंगाचे, एक कान फाटका, नाव भुरी. त्या भुरीबाईंनी दार उघडताच कोणाचाही मुजरा न घेता थेट कपाटाखाली तळ दिला आणि तीन दिवस मुक्काम हालविला नाही. बाईंनी पुस्तकात वाचिले होते की नव्या मांजरास आधी एकच खोली द्यावी, वाळूची पेटी एका कोपऱ्यात आणि खाणे दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मागे लागू नये. बाई मागे लागल्या नाहीत, केवळ जमिनीस गाल लावून कपाटाखाली पाहत पडून राहिल्या, आणि विकतचे खाणे बशीत तैसेच वाळले. चौथे दिवशी बाई महाविद्यालयात गेल्या असता मातुश्रींनी सायभाताचा गोळा कपाटाशी नेऊन ठेविला. संध्याकाळी बशी स्वच्छ. बाईंनी बशी पाहिली, बशीस चिकटलेले शीत पाहिले, आणि संताप कोणावर करावा हे न कळून तो बशी घासण्यावर काढिला.

पुढे भुरीबाई स्थिरावल्या आणि दोन्ही दरबारी जाऊ लागल्या, आणि तेथून वकिलीस आरंभ जाहला. पहिला खलिता मातुश्रींचा. त्या भुरीस म्हणाल्या, "भुरे, सांग तिला, गॅस संपत आलाय." बाईंनी ते दालनापलीकडून ऐकिले, तरी भुरीबाई शेपूट उभारून येईपर्यंत थांबल्या, आणि मग उत्तर दिले, "भुरे, सांग त्यांना, नोंदवलाय." आपल्या आईस 'त्यांना' म्हणणारी कन्या या राज्यात पूर्वी जाहली नव्हती. मग हा रिवाज पडला. दूध, इस्त्री, वरच्या टाकीचे पाणी, सर्व राजकारण भुरीमार्फत. त्यात टोमणेही जात. मातुश्री म्हणत, "भुरे, तुझ्या मालकिणीला विचार, वाचलेली माणसं अंघोळीचा टॉवेल पलंगावर टाकतात का." बाई म्हणत, "भुरे, सांग, टॉवेल तरी दिसतो, लपवलेला नाही." भुरीबाई दोघींचे ऐकून घेत आणि अंग चाटीत. वकिलाने असेच असावे.

आता दालनातील कामांचे. बाईंनी सुतारकाम मनावर घेतले ते प्रेमाने नव्हे. तिवई, पुस्तकांची मांडणी आणि भिंतीलगतचा दिवाण ही तिन्ही अर्धवट, येता जाता ठेच लागे, आणि प्रत्येक ठेचेस बाई दात चावून म्हणत, हेही अर्धंच ठेवलंत. म्हणून ती संपवून टाकावी आणि पुन्हा त्याकडे पाहू नये, ऐसा निश्चय. तिवईस पॉलिश दिले, तो भुरीबाईंनी ओल्या पॉलिशवरून चालत जाऊन आपली चार पावलांची मोहोर उमटविली. मांडणीच्या पायांस नखे मारू लागल्या, तेव्हा बाईंनी पायांस काथ्या गुंडाळिला, आणि भुरीबाईंनी काथ्या सोडून उरलेले लाकूड ओरबाडिले. मांडणीच्या फळ्या लांब, एका माणसास न पेलणाऱ्या. बाई एक टोक धरून उभ्या राहत, दुसरे टोक जमिनीवर. मग मातुश्री काही न बोलता येऊन ते उचलीत. गुण्या लावून कोन पाहावा, भोक पाडावे, स्क्रू पिळावा, आणि हुकूम सारे भुरीस. "भुरे, सांग त्यांना, डावीकडून वर." "भुरे, विचार तिला, डावी तिची की माझी." ऐशा रीतीने एक मांडणी बारा दिवसांत उभी राहिली, थोडी तिरकी, आणि दोघींसही ती तिरकी दिसली आणि कोणीच बोलिले नाही.

राहिला दिवाण. त्याच्या पोटात हिवाळ्याच्या रजया, पुढे दोन खण बसवावयाचे होते ते पंतांकडून जाहले नाहीत, म्हणून पुढची बाजू उघडी. भुरीबाई आत शिरून रजयांवर केस करीत. मातुश्रींचा खलिता आला की ते भोक बंद करावे. माघ शुद्ध द्वादशी, रविवार, दुपारी, बाईंनी प्लायवूडची फळी मापून कापिली, मातुश्रींनी दोन्ही हातांनी दाबून धरिली, बाईंनी आठ स्क्रू पिळून बसविले. ते दिवशी कोणी भुरीस हुकूम सांगितला नाही, कारण काम हातांस पाठ जाहले होते. बाईंस वाटले, भुरी स्वयंपाकघरात असेल. मातुश्रींस वाटले, आतल्या खोलीत असेल. मग मातुश्रींनी चहा टाकिला आणि सवयीने म्हणाल्या, "भुरे, सांग तिला." पुढचे वाक्य थांबले. वकील जागेवर नव्हता.

आता अडचण ऐसी की भुरी कोठे आहे हे विचारावयाचे तर भुरीमार्फतच विचारावे लागे. बाईंनी आतून ते अर्धे वाक्य ऐकिले आणि उत्तर तयार ठेवून वाट पाहिली. कोणी आले नाही. चहा पातेल्यात काळा जाहला. मग बाई उठल्या आणि पलंगाखाली, कपाटावर, कपाटामागे पाहू लागल्या. मातुश्री बशी वाजवीत फिरू लागल्या. दोघी एकाच दालनात, एकमेकींस चुकवून, एकच जनावर शोधीत, आणि तोंडे बंद. मग बाईंनी गॅलरीचे दार उघडे पाहिले. मातुश्री आधीच तेथे होत्या, कठडा धरून खाली वाकल्या होत्या, तीन मजले खाली, आणि त्यांची बोटे पांढरी पडली होती. खाली गाड्या, एक फुटकी कुंडी, दुसरे काही नाही. पण दिसत नाही याचा अर्थ काही जाहले नाही ऐसा होत नाही, हे या घरात बाईंस शिकवावयास नको होते. चार महिने सर्व ठीक दिसत होते. बाईंस राग आला, तो मांजरावर आला, दार उघडे टाकणारावर आला, आणि दार आपणच उघडे टाकिले होते हे आठवून दुप्पट आला. त्या वळल्या आणि जाताना दिवाणास लाथ मारिली.

आतून खरवडल्याचा आवाज आला. अगदी बारीक, एकदाच.

मग बाई गुडघ्यांवर बसल्या. स्क्रू पिळावयाच्या यंत्राची बॅटरी संपली होती, म्हणून पंतांचा हाताने फिरवावयाचा पेचकस घेऊन स्क्रू काढू लागल्या. मातुश्री गॅलरीतून आल्या, काय ते पाहिले, आणि फळी आत पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसल्या. सात निघाले. आठव्याचे डोके झिजले, पेचकस घसरला आणि बाईंचा अंगठा फाटला, रक्त फळीवर आले, तरी बाईंनी पिळणे सोडिले नाही. फळी सुटली. भुरीबाई सगळ्यांत मागच्या रजईच्या घडीमागून निघाल्या, पाठीवर भुसा, फाटका कान मागे वळविलेला, ओरडल्या नव्हत्या, ओरडणारही नव्हत्या. दोघींच्या मधून चालत गेल्या आणि सायभाताच्या बशीशी जाऊन बसल्या. मातुश्रींनी फळी भिंतीस टेकविली. त्या बशीकडे पाहून म्हणाल्या, "भुरे, सांग तिला, अंगठ्याला हळद लाव म्हणावं."

बाई म्हणाल्या, "तिला नको सांगू. मला सांग."

मातुश्रींनी सात आठवड्यांनी कन्येच्या तोंडाकडे पाहिले. "काय सांगू तुला," म्हणाल्या. "त्यांनाही रोज म्हणायची, सांगा तिला. ऐकलं नाही."

येणेप्रमाणे क्रोधी संवत्सरी एका राज्यात धनी कैलासवासी जाहले, दोन दरबार पडले, एक मांजर वकिलीस आले आणि महिनाभर चाकरी करून फळीआड कोंडले गेले व सुटले, तीन कामे पुरी जाहली होती त्यांतील एक पुन्हा उघडले. इतके वर्तमान. बाकी हेमांगीबाई रक्ताळलेला अंगठा पदराने न पुसता जमिनीवर बसून जे बोलिल्या, ते त्या पूर्वी कोणाजवळही, आपल्या मनाजवळही, बोलिल्या नव्हत्या. ते जैसे बोलिले तैसे लिहिले आहे.

"मला तुझा राग नाही, आई. तुझा होता तो केव्हाच संपला. मला बाबांचा राग आहे. गेलेल्या माणसाचा करू नये म्हणून सगळा तुझ्यावर काढला. मी पलीकडे बसून तळटीपा लावत होते आणि ते इथे मरत होते, आणि मलाच म्हणत होते, दार लोटून घे. विचारायचं होतं मला एकदा. मी काही रडून गोंधळ घातला नसता. बाहेर येऊन बसले असते, एवढंच. जो तो येऊन सांगतो, कुणाला त्रास दिला नाही. मला द्यायचा होता, आई. तो माझ्या वाटणीचा त्रास होता, आणि त्यांनी तो मला दिला नाही."