लाभ हजार लाभ

"कुठलाही आकडा द्या, माझा प्रोग्राम तो कुठल्याही भाषेत अक्षरी लिहून दाखवतो," असं मितेश चार वर्षं ज्याला त्याला ऐकवत होता. रोह्याहून पेणच्या कॉलेजात जाऊन तासिकांवर शिकवायचं, आणि एसटीत बसून तेवीस भाषांमधल्या आकड्यांचे नियम लिहायचे. तमिळ दोन आठवड्यांत वठणीवर आली. मराठीने मात्र रडवलं. एक ते शंभर, प्रत्येकाचा नखरा वेगळा! दमून गेला बिचारा. सोमवारी ऑनलाइन तोंडी परीक्षा होती. पास झाला तर पीएचडी आणि कायमची नोकरी, नाहीतर पुन्हा तासिका आणि तीच एसटी.

परीक्षक बाईंची अट होती, की पुस्तकी आकडे नकोत, जुन्या माणसाच्या तोंडचे आणा. म्हणून रविवारी त्याने जोहे गावची मालूआत्या गाठली.

"आत्या, एक ते शंभर मोज."

"काय मोजू?"

"काही नाही. नुसतं मोज."

"रिकामं मोजलं की घर रिकामं व्हतं. मी नाय मोजायची."

शेवटी पडवीत भाताची रास ओतली. मितेश शेर भरत होता, आत्या मोजत होती, फोन टिपत होता. शंभराव्या शेराला त्याच्या पाठीत कळ आली.

परतीच्या गाडीत त्याने एकोणतीस तपासला, त्रेसष्ट तपासला, एकोणऐंशी तर तीनदा. एक काय तपासायचा? पेंगत पेंगत सगळी यादी प्रोग्रामला भरवली.

"सोपा देते," सोमवारी बाई म्हणाल्या. "एक हजार एक."

पडद्यावर उमटलं, लाभ हजार लाभ.

घाईघाईने त्याने एकशे एक टाकून पाहिला. लाभशे लाभ. बाईंनी चष्मा काढला. मितेशने तिथूनच आत्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आत्या, एकाला तू लाभ म्हणालीस?"

"मग? धान्याचा पयला शेर लाभच. एक म्हटलं की बरकत जाते. येवढं पण ठाव नाय तुला?"

"आत्यांचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "माणसं काय मोजताना काय म्हणतात, ते तुम्ही पाहिलंच नाही. हा भाग नव्याने करा, पुढच्या वर्षी भेटू."

बाई पडद्यावरून गेल्या. आत्या फोनवर होतीच.

"काय बोलली बाई?"

"अजून एक वर्ष," मितेशला रडू येत होतं.

"एक नको म्हणू रे. लाभ म्हण."

"अजून लाभ वर्ष," मुकाट्याने म्हणाला तो. मग आठवलं, की लाभ म्हटल्यावर आत्या थांबत नाही. दोन म्हणते, तीन म्हणते.