श्वास कुठं गेला?

अहो, या असे जवळ. तंजावरला येता, मोठ्या देवळापुढं फोटो काढता आणि संध्याकाळच्या गाडीनं पळता! आमच्या गल्लीत डोकावत नाही कोणी. डोकावला असता तर आमचे शेजारी सेतुअण्णा दिसले असते. तिण्णैवर, म्हणजे आमच्या दारच्या ओट्यावर बसून, देवळाच्या कर्ण्यावरचं गाणं ऐकत ओरडत असतात, "श्वास कुठं गेला?"

श्वास गाणाऱ्याचा. रेकॉर्डातून कापलेला. "अख्खा चरण झाला, श्वास नाही. माणूस आहे की पाण्याची मोटर?"

पाटबंधारे ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हापासून हाच उद्योग. गाणं कुठलं का असेना, आवाज कसा भरलाय ते कान लावून शोधायचं. "एकच बाई दोनदा गायलीय. आवाजावर आवाज ठेवलाय." "हा घुमारा देवळातला नव्हे, मागाहून घातलाय." खात्री करायला माझ्याच तांदळाच्या रिकाम्या पिंपात डोकं घालून गातात. मग चष्मा आत पडतो, आणि काढायचा कोणी? मी!

माझ्या नातीच्या साखरपुड्यात तर कहरच केला. वरमाईंनी मोबाइलवर लेकीचं गाणं लावलं. सगळे माना डोलवतायत, आणि हे पायसम ओरपत म्हणाले, "सूर मशिनीनं सरळ केलाय. कुठं सुरकुती नाही, इस्त्रीच!" सोयरीक टिकली ती देवाची कृपा.

तर गेल्या महिन्यात अण्णा टेपरेकॉर्डर घेऊन आले. आत कॅसेट त्यांच्या बायकोची, कमलाक्कांची. अक्का जाऊन खूप वर्षं झाली. आमच्याच घरी हळदीकुंकवाला झोपाळ्यावर बसून गौरीचं गाणं म्हणाल्या होत्या, ते माझ्या यजमानांनी भरलेलं.

"ऐका. इथं आवाज मंदावतो. तिनं तोंड वळवलं. पण कोणाकडं?"

"अण्णा, मला काय ठाऊक? माझं सांबार उतू जातंय!"

ऐकतील तर ना. मला त्याच झोपाळ्यावर बसवलं. गा म्हणाले. स्वयंपाकघराकडं वळा, परसाकडं वळा, दाराकडं वळा. सांबार करपलं.

"दारच," ते म्हणाले. "भिंत असती तर आवाज परतला असता. आणि पुढची ओळ ती हसत गायलीय. ओठ ताणले की आवाज उजळतो. कोणाला बघून हसली, तेवढं सांगा."

"त्या दिवशी अर्धी गल्ली आली होती हो!"

त्यांनी टेप मागं फिरवली. मग हळूच म्हणाले, "त्याच्या आधी काही वाजतं का बघा. बारीक आवाज मला आता ऐकू येत नाहीत."

अय्यो! गल्लीभर लोकांचे श्वास मोजणारा हा माणूस! मी गॅस बंद केला आणि कान टेपला लावला. गाण्यामागं सायकलीचा स्टँड खडखडला. मग घंटी, तीही धड नाही. फुटकी, खोकल्यासारखी. तसली घंटी आमच्या गल्लीत एकाचीच होती.

"अण्णा, ही तुमची सायकल. ऑफिसातून आला होतात तुम्ही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. परत घातला. परत काढला.

"मी होतो होय," एवढंच म्हणाले.

आता रोज सकाळी टेप घेऊन हजर! "घंटी वाजली की हात वर करा." मी एका हातानं डोसा उलटते, दुसरा वर करते. हात वर झाला की हसतात, अक्का हसल्या त्याच ओळीला.

माझा हात दुखतो हो आता. तुम्ही या लवकर, थोडे दिवस तुम्ही करा हात वर. फिल्टरची कापी मी देते. आणि दारात आलात की घंटी वाजवू नका, मोठ्यानं हाक मारा. अण्णा वळून बघतील.