करडवाडीची फटफटी गप केल्याची हकिकत

श्रीमारुती समर्थ. मौजे करडवाडी, परगणे देगलूर, येथे पोळ्याच्या सणानिमित्त जी मोहीम जाहली, तिची हकिकत यथास्थित लिहिली जात आहे. गड घेतले, मुलूख मारले, पातशाह्या बुडविल्या, अशांच्या बखरी होतात हे खरे. परंतु करडवाडीस गड नाही, मुलूख म्हणावा तर सोयाबीन आणि कपाशी, आणि मर्दुमकी म्हणावी तर व्यंकटराव. जे आहे ते लिहावे लागते.

राजश्री व्यंकटराव, वतनदार मौजे मजकूर, हे पुरुष अंगाने आडवे, मिशीने उभे आणि अकलेने बसलेले. यांच्या घराण्याकडे पोळ्याचा पहिला मान. वेशीस आंब्याच्या पानांचे तोरण बांधावे, सरपंचांनी नारळ फोडावा आणि तोरणाखालून पहिली जोडी व्यंकटरावांची जावी, मग गावाची, ऐसा शिरस्ता पणजापासून चालत आला. व्यंकटरावांनी स्वतःच्या कर्तबगारीने जन्मात काही मिळविले नव्हते, सबब वाडवडिलांच्या या मानावर त्यांचा जीव फार. वर्षाचे बाकीचे दिवस गावात त्यांस कोणी विचारीत नसे, आणि हे त्यांस पक्के ठाऊक होते.

दुसरी दौलत म्हणजे फटफटी. नांदेडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या परसात ती पडून होती आणि तीवर कोंबड्या अंडी घालीत होत्या. व्यंकटरावांनी कोंबड्यांस हुसकून तिचा उद्धार केला. सायलेन्सरच्या पोटातील जाळ्या गंजून केव्हाच गळून गेल्या होत्या, नुसती नळी राहिली होती. त्यामुळे खासा स्वारी रोज सायंकाळी बैलांची सरकी पेंड मागे बांधून देगलुराहून निघाली की कालव्याच्या पुलापासून तोफखाना सुरू होई, आणि गावातील तान्ही पोरे दचकून रडू लागत. व्यंकटरावांस वाटे, हा आपला दरारा.

गतवर्षी पोळ्यास व्यंकटरावांनी मसलत केली की मानकऱ्याने बैलांपुढे पायी चालणे हे कमीपणाचे, सबब फेटा बांधून फटफटीवर बसावे आणि जोडी मागून यावी. तैसे केले. फटफटी चालू करताच बैलांनी कासरे तोडले आणि झुली, बाशिंगे, घुंगरमाळा घेऊन जे उधळले ते तोरण बाजूस टाकून व्यंकटरावांच्या मागे थेट देगलूर रस्त्याला लागले. पुढे फेटा, मागे बैल, ऐसी ती स्वारी रस्त्यावरल्या ट्रॅक्टरवाल्यांनी पाहिली. इकडे गुरुलिंगप्पांनी, जे व्यंकटरावांचे शेजारी आणि पिढीजात हितशत्रू, आपली जोडी मुकाट्याने तोरणाखालून काढली आणि मान घेतला.

यावर ग्रामसभा भरली. बैल आवाजाला भेदरले, ऐसा निवाडा सर्वांनी एकमुखाने केला. आणि सरपंच पंचफुलाबाई, ज्यांच्या बोलण्याला गावात दुसरे बोलणे नसे, यांनी फर्माविले, "गाडी गप करा, न्हाई तर मान सोडा. मधलं काई न्हाई." फटफटी एक दिवस गोठ्यात ठेवावी आणि बैलांसंगे पायी यावे, ही मसलत सभेतील कोणासही सुचली नाही, आणि व्यंकटरावांस सुचली असती तर ती त्यांनी अपमान म्हणून परतविली असती.

मग यंदाचा श्रावण लागला आणि मोहीम सुरू जाहली. इतक्या जुन्या गाडीचा सायलेन्सर बाजारात मिळेना. व्यंकटरावांनी विचार केला की आवाज म्हणजे हवा, आणि हवा कोंडावयास कापूस उत्तम, आणि कापूस तर घरचाच. सबब नळीत कापूस ठासला, काठीने ठोकला आणि किक मारली. प्रथम काही जाहले नाही. मग धूर जाहला, आणि मग पेटलेल्या कापसाचा गोळा नळीतून सुटून कडब्याच्या गंजीवर जाऊन बसला. कुटुंब अयोध्याबाई यांनी म्हशीपुढची पाण्याची बादली उचलून गंजी विझविली आणि उरलेले पाणी धन्याच्या अंगावर ओतले. त्या समयी बाईंनी जे शब्द उच्चारिले ते दप्तरी नोंदण्याजोगे नाहीत.

दुसऱ्या चढाईस देगलूरचे वेल्डर मल्लिनाथ यांस पाचारण जाहले. हे गृहस्थ आपणांस सायलेन्सरचे सर्जन म्हणवीत; याआधी त्यांनी खिडक्यांचे गज आणि शाळेचे एक फाटक एवढेच जोडले होते, आणि फाटक लागत नव्हते. मल्लिनाथांनी सांगितले की नळीत भोकाभोकांचा पत्रा गोल करून बसवावा, म्हणजे आवाज भोकांत शिरून दमेल. व्यंकटराव म्हणाले, भोके पाडण्याची तसदी कशाला, पाडलेली भोके घरी आहेत. आणि अयोध्याबाई मारुतीस गेल्या आहेत ऐसी संधी साधून त्यांनी स्वयंपाकघरावर छापा घातला आणि पुरणाची पितळी चाळणी हस्तगत केली. मल्लिनाथांनी तिचा काठ कापला, जाळीची गुंडाळी केली आणि नळीत दाबून बसविली. स्क्रू मारावा की न मारावा यावर खल जाहला आणि न मारावा ऐसे ठरले, कारण स्क्रू देगलुरास राहिला होता.

फटफटी चालू होताच चाळणी तोफगोळ्याप्रमाणे सुटली आणि गुरुलिंगप्पांच्या अंगणात, ते दाढी करीत बसले होते तेथे, त्यांच्या आरशाच्या चिंधड्या करून विसावली. गुरुलिंगप्पा ऐशा दानाची वाटच पाहत होते. त्यांनी चाळणी ताब्यात घेतली, आणि आरसा फोडल्याची फिर्याद पंचांपुढे नेऊ नये म्हणून व्यंकटरावांस तह करावा लागला. तह ऐसा ठरला की यंदा नारळ फुटून प्रसादाचे खोबरे वाटून संपेतो व्यंकटरावांची जोडी तोरणाखालून न गेली, तर मान गुरुलिंगप्पांच्या घरी कायमचा जावा. पंचफुलाबाई साक्षीस राहिल्या. व्यंकटरावांनी मिशीला पीळ देऊन कबुली दिली, आणि घरी येऊन जेवले नाहीत. मान गेला तर आपण कोण, हा प्रश्न त्यांस प्रथमच पडला.

तिसरी चढाई निकराची. मल्लिनाथांनी एका बारीक लोखंडी नळीला गिरमिटाने भोके पाडली, तीभोवती भांडी घासण्याच्या तारेच्या घासण्या गुंडाळल्या, आत पत्र्याचे पडदे आडवे दिले आणि हे सर्व सायलेन्सरात कोंबले. व्यंकटरावांनी ताकीद दिली की पुन्हा हे सुटता कामा नये. सबब मल्लिनाथांनी तोंडाला चहूबाजूंनी ऐसे वेल्डिंग मारले की शाळेच्या फाटकास त्याचा हेवा वाटावा. मग किक मारली. फटफटी झोपेतल्या म्हाताऱ्यासारखी पुटपुटली, आणि एवढेच. व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आले. मल्लिनाथांनी स्वतःस मुजरा केला.

ती सायंकाळ पोळ्याच्या आदल्या दिवशीची, खांदेमळणीची. व्यंकटराव पेंड घेऊन नि:शब्द आले आणि बैलांजवळून गेले, तरी बैलांनी मान वर केली नाही. गव्हाणीत पेंड पडली ती सावकाश, उशिराने हुंगली. अयोध्याबाई बैलांच्या खांद्यांस तूप-हळद चोळीत म्हणाल्या, "आज बैल असं का करायलेत?" व्यंकटरावांनी हे विजयाचे चिन्ह मानले आणि बाईंस गप्प राहण्याचा हुकूम केला. हुकूम मानला गेला नाही, परंतु बाई पुढे काय बोलल्या ते व्यंकटरावांनी ऐकले नाही, कारण ते तेव्हा फेट्याची घडी पाडीत होते.

पोळ्याचा दिवस उजाडला. तोरण बांधले, वाजंत्री लागली, सारा गाव वेशीपाशी लोटला. व्यंकटराव भगवा फेटा बांधून फटफटीवर आरूढ जाहले, मागे जोडी, शिंगांस वार्निश, पाठीवर आरशांच्या झुली. पंचफुलाबाईंनी नारळ फोडला. फटफटी पुटपुटत तोरणाखाली गेली आणि पलीकडे निघाली, आणि व्यंकटरावांनी मागे वळून पाहिले तो जोडी जेथल्या तेथे. ढकलले, कासरा ओढला, गूळ दाखविला, तरी बैल हलेनात. पोळ्याच्या दिवशी बैलास चाबूक दाखविणे म्हणजे पाप, सबब तोही उपाय खुंटला. इकडे खोबऱ्याचे वाटप सुरू जाहले होते, आणि गुरुलिंगप्पा आपल्या बैलांच्या पाठी थोपटीत होते.

तेव्हा आरतीचे ताट घेऊन उभ्या अयोध्याबाई मोठ्याने म्हणाल्या, "आवं, हे बैल कव्हाच भ्याले नव्हते! आवाज आला की पेंड आली, एवढंच ठावं हाय त्यास्नी. मागच्या साली बी तुमच्या मागंच पळाले न्हवं का?"

भेदरलेले जनावर आवाजापासून दूर पळते, आवाजाच्या मागे धावत नाही, ही गोष्ट वर्षभरात एकाही शहाण्याने ध्यानी घेतली नव्हती. व्यंकटरावांनी मूठ पिळली, गाडी मायेने पुटपुटली. मग त्यांनी हाक मारून मल्लिनाथांस फर्माविले की वेल्डिंग तोड. मल्लिनाथ नवा शर्ट घालून आले होते. ते अभिमानाने बोलले, "मालक, माझं वेल्डिंग निघत नसतंय. हत्ती लावा."

पंचफुलाबाईंच्या ताटात खोबऱ्याचे चार तुकडे राहिले. व्यंकटरावांनी ते पाहिले, गुरुलिंगप्पांस पाहिले. मग त्यांनी फटफटी जमिनीवर आडवी टाकली, धोतर खोचले, बैलांपुढे येऊन उभे राहिले आणि साऱ्या गावासमक्ष, पाव्हण्यारावळ्यांसमक्ष, तोंडाने आवाज काढिला, "फट्ट! फट्ट! फट फट फट फट फट्ट!"

इतक्या वर्षांचा सहवास वाया गेला नव्हता. अडखळणे, धडाका, मधेच घेतलेला श्वास, सर्व हुबेहूब. बैलांनी कान टवकारले. व्यंकटराव दोन्ही मुठी पुढे धरून, गाल फुगवून, मिशीवर थुंकी उडवीत तोरणाकडे धावले, आणि जोडी शेपट्या उडवीत त्यांच्या मागे धावली, आणि तोरणाखालून गेली, आणि पंचफुलाबाईंच्या हातात शेवटचा तुकडा तसाच राहिला. गुरुलिंगप्पांनी तक्रार मांडली की आवाज जाहला. बाईंनी निवाडा दिला, "गाडी गपच हाय. मालक वाजला. त्याची अट नव्हती." आणि शेवटचा तुकडा त्यांनी स्वतः खाल्ला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. गाव इतका हसला की वाजंत्रीवाल्यांस सनई वाजविता येईना, आणि व्यंकटराव गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकीत उभे राहिले, आणि लाजेने मेल्याहून मेल्यासारखे जाहले, आणि तरीही मान आपल्याच घरी आहे हे आठवून त्यांस रडू कोसळले. अयोध्याबाईंनी प्रथम बैलांस ओवाळिले, मग धन्यास, आणि कुंकू लाविते समयी हुकूम फर्माविला, "उद्यापासून पेंड आणताना पुलापासूनच तोंडानं वाजत या. बैलास्नी बी कळंल, आणि मला बी चहा ठिवता यील." व्यंकटरावांनी हुकूम मान्य केला. फटफटी गप आहे, मान कायम आहे, आणि धनी रोज सायंकाळी कालव्याच्या पुलावरून वाजत येतात, हे साऱ्या करडवाडीस ऐकू येते.