विहीणबाईंचं आजारपण

विहीणबाई ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसल्या आणि गारेगारांनी अदबीने एसी लावला.

गारेगार हे त्यांचं खरं नाव नव्हे. सव्वीस वर्षं डिझेलचे ट्रक हाकताना त्यांनी एकदाही इंजिन उकळू दिलं नव्हतं आणि ही गोष्ट भेटेल त्याला, न विचारता, सांगितली होती. म्हणून गॅरेजवाल्यांनी त्यांना ते नाव चिकटवलं होतं. "मागे वजन असलं की एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर," असं ते नव्या ड्रायव्हरांना शिकवत. काटा म्हणजे इंजिनाची गरमी दाखवणारा. त्या काट्याकडे ते जितक्या प्रेमाने बघत, तितक्या प्रेमाने आपल्याकडे कधी बघितलं नाही, अशी त्यांच्या बायकोची जुनी तक्रार होती.

आज मागे ट्रेलर होता आणि ट्रेलरवर पाव भाजायची तीन टनांची भट्टी. भट्टी त्यांच्या मुलीची. घाटावरच्या गावात ती बेकरी सुरू करत होती आणि परवा सकाळपासून तिथल्या हॉस्पिटलला रोज दीडशे पाव द्यायचा शब्द देऊन बसली होती. भट्टी उतरवायला क्रेन मिळाली होती ती चार वाजेपर्यंतच. चारनंतर ती दुसऱ्या कामाला जाणार, मग आठ दिवस तिचं दर्शन नाही, आणि हॉस्पिटल काही आठ दिवस उपाशी बसणार नव्हतं. मुलगी फोनवर एवढंच म्हणाली होती, "बाबा, तुम्ही आणताय म्हणून मी निर्धास्त आहे." या एका वाक्याने गारेगारांची छाती फुगली होती आणि झोप उडाली होती.

विहीणबाई म्हणजे या मुलीच्या सासूबाई. सुनेच्या हाताशी कुणीतरी हवं म्हणून त्या निघाल्या होत्या. व्याही आणि विहीण यांच्यात सहा वर्षांत "बसा ना", "घ्या ना" आणि "नको, पुरे" याखेरीज फारसं बोलणं झालेलं नव्हतं. आज चार तास एकाच केबिनमध्ये काढायचे होते. एसीच्या गारव्यात विहीणबाईंनी खांद्यावर शाल ओढली आणि दोघंही समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

घाट लागला तेव्हा पावणेदोन वाजले होते. ऊन मी म्हणत होतं. तिसऱ्या वळणावर काटा हलला. गारेगारांनी गिअर उतरवला, वेग कमी केला. काटा आणखी वर गेला. एसी इंजिनावरच चालतो. तो बंद करणं भाग होतं. पण "गाडी तापतेय" हे दोन शब्दांचं वाक्य सव्वीस वर्षांच्या अब्रूला पेलणारं नव्हतं, आणि तेही विहिणीसमोर!

"एसी बिघडला वाटतं," बटण बंद करत ते म्हणाले.

"असू दे हो. खिडकी आहे की," विहीणबाई म्हणाल्या.

खिडकीतून आलेलं वारं भट्टीला लाजवणारं होतं. विहीणबाईंनी शाल काढून मांडीवर ठेवली, पण तक्रारीचा शब्द काढला नाही. काटा मात्र चढतच होता. आता एकच इलाज उरला होता. केबिनचा हीटर पूर्ण सोडला की इंजिनाची उष्णता केबिनमध्ये ओढली जाते आणि इंजिनाला तेवढा आराम पडतो. इलाज रामबाण आहे, फक्त केबिनमध्ये माणसं नसावीत.

"विहीणबाई, ते बघा, केवढं झाड!" गारेगार बाहेर बोट दाखवून म्हणाले.

त्या वळल्या. यांनी हीटर पूर्ण फिरवला.

"हो," विहीणबाई म्हणाल्या, "झाडच आहे."

दोन मिनिटांत केबिनमध्ये पापड भाजता आले असते. गारेगारांच्या पाठीला सदरा चिकटला. विहीणबाईंनी आधी रुमालाने कपाळ टिपलं, मग मान, मग चष्मा. शेवटी पाय वर घेतले.

"पायाशी जरा ऊब लागतेय, नाही?"

"ऊन आहे ना," गारेगार म्हणाले.

"पायाखाली?"

"घाटात असतं असं."

थोड्या वेळाने विहीणबाईंनी मोबाइल काढला आणि चष्मा सावरत एकेक अक्षर शोधून काहीतरी लिहू लागल्या. मृत्युपत्र तर नाही ना, अशी गारेगारांना शंका आली. काटा लाल पट्ट्याला टेकला होता. थांबावं? थांबलं की तास गेला, क्रेन गेली, पोरीचा शब्द गेला. आणखी चारच वळणं, असं म्हणत त्यांनी गाडी पुढे रेटली.

"व्याही," विहीणबाई खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "मला ताप आलाय बहुतेक. अंग नुसतं भाजतंय."

गारेगारांचं धाबं दणाणलं. तेवढ्यात फोन वाजला. मुलगी.

"बाबा, आईंना बरं नाहीये. पुढच्या वळणावर दवाखाना आहे, तिथे थांबा."

"अगं, पण क्रेन..."

"क्रेनचं मी बघते. तुम्ही आधी थांबा!"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर लावला, पुसला, पुन्हा लावला. "ताप नाहीये काही."

"तरी गरगरतंय मला," विहीणबाई ठामपणे म्हणाल्या. "अर्धा-पाऊण तास पडते."

त्या पंख्याखाली पडल्या आणि गारेगार अपराधी चेहऱ्याने बाहेर आले. इंजिन चालू ठेवूनच ते आत धावले होते. तापलेलं इंजिन एकदम बंद करू नये, हा त्यांचाच धडा होता. खाली वाकून बघतात तर काय, रेडिएटरच्या पाइपची क्लिप सैल झालेली, आणि कूलंटचं हिरवं पाणी टपटप गळतंय. त्यांनी इंजिन बंद केलं आणि तिथेच दगडावर बसकण मारली. ते आणखी दोन वळणं पुढे गेले असते तर सगळं पाणी संपलं असतं, इंजिन जाम झालं असतं, आणि तीन टनांची भट्टी चढावर आडवी पडली असती. क्रेन काय, बेकरीच हातची गेली असती.

इंजिन पुरतं निवेपर्यंत त्यांनी रेडिएटरच्या टोपणाला हात लावला नाही. मग क्लिप आवळली, कॅनमधलं कूलंट ओतलं, आणि दवाखान्याच्या दिशेने मनापासून हात जोडले. त्या बाईंना नेमक्या वेळी गरगरलं म्हणून गाडी वाचली होती, आणि त्यांना गरगरायला लावलं होतं यांनी.

उरलेला घाट त्यांनी बैलगाडीच्या चालीने चढवला. बेकरीसमोर पोहोचले तेव्हा पाच वाजायला आले होते. आणि क्रेन उभी होती! क्रेनवाला सावलीत खुर्ची टाकून चहात बिस्कीट बुडवत होता.

गारेगारांना राहवलं नाही. मुलगी पुढे येताच त्यांनी तिच्यादेखत विहीणबाईंना हात जोडले. "विहीणबाई, माफ करा. तुम्हाला ताप नव्हता. एसीही बिघडला नव्हता. गाडी तापली होती आणि मला सांगायची लाज वाटली. हीटर मीच सोडला होता. तुम्हाला बरं वाटेनासं झालं म्हणून थांबलो, म्हणून गाडी वाचली. तुमचे उपकार कसे फेडू?"

विहीणबाईंनी मान खाली घातली. मुलीला मात्र हसू आवरेना. तिने मोबाइल वडिलांपुढे धरला. पावणेतीनचा मेसेज होता, एकेक अक्षर शोधून लिहिलेला:

"तुझे बाबा काटा लाल झाला तरी थांबत नाहीत. व्याह्यांना गाडी शिकवणं बरं दिसत नाही. म्हणून मी आता आजारी पडते. क्रेनवाल्याला चहा दे. अर्ध्या तासाने अजून एक दे."

"पाच चहा झाले, बाबा," मुलगी म्हणाली. "आणि पुढच्या कामाच्या मालकाला मीच फोन करून गयावया केली. देवमाणूस निघाला, उद्या सकाळी चालेल म्हणाला."

गारेगार त्या मेसेजकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि या वेळी घामाचं निमित्तही सांगता येईना.

"तुम्हाला काट्यातलं कळतं?" त्यांनी विचारलं.

"त्यात कळायचं काय? लाल म्हणजे लाल. गॅसवरचं उतू जायला लागलं की आपण खाली उतरवतोच ना?"

"मग सरळ म्हणायचं होतं हो, 'व्याही, गाडी थांबवा.'"

"म्हटलं असतं तर थांबला असता?"

गारेगारांनी खरोखर विचार केला. सव्वीस वर्षांत त्यांनी इतका प्रामाणिक विचार कधी केला नव्हता.

"नसतो थांबलो," ते म्हणाले.

"मग झालं तर," विहीणबाई म्हणाल्या आणि भट्टी नीट उतरतेय ना, ते बघायला गेल्या.